कोलंबस, इंडियाना येथे ताजी फुले पाठवण्याबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या कोथरूड-कर्वेनगर भागात कमिन्स हे नाव कुणाला नवे नाही. 1919 साली स्थापन झालेल्या या इंजिन कंपनीचे मुख्यालय अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर असलेल्या कोलंबस या सुमारे पन्नास हजार वस्तीच्या गावात आहे. 1962 पासून पुण्याशी जुळलेल्या कंपनीच्या नात्यामुळे कित्येक मराठी घरांतली मुले, सुना, जावई या गावात येऊन राहिले आहेत. त्यांच्या वाढदिवसाला, बाळंतपणाला किंवा एखाद्या दुःखाच्या प्रसंगी भारतातून फुले पाठवावीत असे घरच्यांना वाटते, पण ती कशी पाठवायची हे नीट ठाऊक नसते. मी या गावात फुलांच्या दुकानात काम करते, आणि भारतातून येणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतात त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

पत्ता लिहिताना सर्वांत जास्त चूक कुठे होते?

गावाच्या नावातच. अमेरिकेत कोलंबस नावाची अनेक गावे आहेत आणि त्यांतले सर्वांत मोठे म्हणजे ओहायो राज्याची राजधानी. ऑर्डर देताना नुसते ‘कोलंबस’ लिहिले की संकेतस्थळ बहुधा ओहायोचेच शहर पुढे करते, आणि फुले तीनशे किलोमीटर दूरच्या कुठल्यातरी रस्त्यावर पत्ता शोधत फिरतात. म्हणून झिप कोड आधी लिहावा आणि मग गाव निवडावे. इंडियानातल्या कोलंबसचे घरपोच टपालाचे झिप कोड 47201 आणि 47203 हे आहेत. आपल्या नातेवाइकाने दिलेला क्रमांक 432 ने सुरू होत असेल, तर तो ओहायोचा पत्ता आहे असे समजावे.

दुसरा घोटाळा राज्याच्या संक्षेपाचा. इंडियानाचा संक्षेप ‘आयएन’ असा आहे आणि देश म्हणून भारताचा संक्षेपही तोच आहे. भारतातून भरलेल्या अर्जात काही वेळा देशाच्या रकान्यात आपोआप भारत येतो आणि मग झिप कोड चुकीचा असल्याचा संदेश पुन्हा पुन्हा दिसत राहतो. अशा वेळी देशाचा रकाना तपासला की अडचण बहुतेक तिथेच सुटते.

अपार्टमेंट असेल तर इमारतीचा आणि सदनिकेचा क्रमांक दोन्ही हवेत, आणि फुले घेणाऱ्या व्यक्तीचा अमेरिकेतला मोबाइल क्रमांक तर हवाच हवा. घरच्यांना आनंदाचा धक्का द्यायचा असतो म्हणून पुष्कळ जण हा क्रमांक देत नाहीत. परंतु डिलिव्हरी करणारी व्यक्ती दारात उभी राहून घंटा वाजवते, आत कोणी नसते, आणि फोन करायला क्रमांक नसेल तर फुले दुकानात परत येतात. आनंद थोडा आधी कळला तरी चालेल, पण फुले पोहोचली पाहिजेत.

मोठ्या संकेतस्थळावरून मागवणे चांगले की गावातल्या दुकानाला थेट फोन करणे?

माझे उत्तर स्पष्ट आहे: थेट दुकानाला फोन करावा. त्यामागचे कारण समजून घेतले तर ते पटेल.

अमेरिकेत दूरच्या गावी फुले पाठवण्याची व्यवस्था फार जुनी आहे. 1910 साली काही फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने ऑर्डर कळवण्याची पद्धत सुरू केली; एका गावातल्या दुकानात पैसे भरायचे आणि दुसऱ्या गावातल्या दुकानाने फुले पोहोचवायची. एफटीडी ही संस्था त्यातूनच उभी राहिली, पुढे 1934 मध्ये टेलिफ्लोरा हे तसेच दुसरे नेटवर्क आले. ही व्यवस्था मुळात दोन दुकानांतल्या विश्वासावर उभी होती आणि आजही तिच्यातून प्रामाणिक काम होते. तरीही पैशाचे गणित लक्षात घ्यावे लागते. ऑर्डर घेणारा साधारण वीस टक्के स्वतःकडे ठेवतो, नेटवर्क आणखी काही टक्के घेते आणि प्रत्यक्ष फुले रचणाऱ्या दुकानाच्या हाती सत्तरेक टक्के उरतात. त्याशिवाय संकेतस्थळ आपल्याकडून सेवाशुल्क वेगळे घेते, ते दुकानापर्यंत येतच नाही. आपण घरी बसून शंभर डॉलर मोजतो, पण रचनेत फुले येतात ती बरीच कमी रकमेची.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे नुसत्या ऑर्डरी गोळा करणाऱ्या कंपन्या. त्यांच्याकडे दुकान नसते, फूल नसते, शीतकपाट नसते. त्या फक्त जाहिरात करतात, पैसे घेतात आणि उरलेल्या रकमेत काम करायला तयार असलेले दुकान शोधतात. दुकानाने त्या रकमेत ती रचना होणार नाही असे सांगितले की ऑर्डर दुसऱ्याकडे जाते, मग तिसऱ्याकडे, आणि मधल्या काळात वाढदिवस उलटून जातो.

थेट फोन केल्यास मधल्या कोणाचा वाटा जात नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फोन घेणारी व्यक्ती त्याच क्षणी शीतकपाटाकडे पाहून आज कोणते फूल उत्तम आले आहे ते सांगू शकते. चित्रावर बोट ठेवून ‘हेच हवे’ असे सांगण्यापेक्षा प्रसंग, आवडते रंग, नको असलेली फुले आणि एकूण रक्कम एवढे चार मुद्दे सांगून बाकीचे दुकानावर सोपवावे. अशा ऑर्डरीत फुले जास्त येतात आणि ताजी येतात, कारण त्या दिवशी जे सर्वांत चांगले आहे ते वापरण्याची मोकळीक रचणाऱ्या हाताला मिळालेली असते.

दुकान खरोखर त्याच गावातले आहे हे भारतात बसून कसे ओळखावे?

संकेतस्थळावर रस्त्याचे नाव आणि घरक्रमांकासह पत्ता आहे का ते पाहावे आणि तो नकाशावर टाकून दुकानाचे छायाचित्र दिसते का ते तपासावे. दक्षिण इंडियानाचे दूरध्वनी क्रमांक 812 किंवा 930 ने सुरू होतात. सुरुवातीला 800 किंवा 888 असेल तर तो गावातला क्रमांक नव्हे. फोन लागल्यावर ‘आपले दुकान वॉशिंग्टन स्ट्रीटपासून किती लांब आहे?’ एवढे विचारले तरी पुरते. तो गावाचा मुख्य रस्ता आहे. 1900 सालापासूनचे झाहाराकोस आइस्क्रीम पार्लर त्याच रस्त्यावर आहे. गावातला माणूस क्षणात उत्तर देईल आणि कॉल सेंटरमधला माणूस अडखळेल.

भारतातून फोन करण्याची योग्य वेळ कोणती?

मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत कोलंबस भारताच्या साडेनऊ तास मागे असते, उरलेल्या हिवाळी महिन्यांत साडेदहा तास. सकाळी नऊला दुकान उघडते तेव्हा भारतात उन्हाळ्याच्या वेळापत्रकानुसार संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. त्याच दिवशी फुले पोहोचवायची असतील तर बहुतेक दुकाने दुपारी बारा ते एकपर्यंतच ऑर्डर घेतात, म्हणजे भारतातून उन्हाळ्यात रात्री साडेनऊ-साडेदहाच्या आणि हिवाळ्यात साडेदहा-साडेअकराच्या आत फोन व्हायला हवा. मात्र खरी गोष्ट अशी की दोन-तीन दिवस आधी सांगितलेली ऑर्डर नेहमीच अधिक चांगली होते, कारण त्या फुलांसाठी घाऊक व्यापाऱ्याला आधी कळवता येते.

तारीख आकड्यांत लिहू नये. 5/8 म्हणजे आपल्याला 5 ऑगस्ट वाटते आणि अमेरिकेत ती 8 मे असते. महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे.

रविवारी फुले पोहोचतात का?

सहसा नाही. लहान गावातली दुकाने रविवारी बंद असतात. वाढदिवस रविवारी असेल तर शनिवारी फुले पाठवावीत.

कोणत्या दिवसांत ऑर्डर मिळणे कठीण जाते?

14 फेब्रुवारीच्या आधीचा आठवडा आणि मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येणारा मातृदिन, हे वर्षातले सर्वांत गर्दीचे दिवस. एप्रिल-मेमध्ये शाळांच्या प्रॉम नृत्यसमारंभांसाठी मनगटावर बांधायची आणि कोटाला लावायची छोटी फुले करण्यात दुकानातले सगळे हात गुंतलेले असतात. या काळात आठवडाभर आधी कळवावे. व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास लाल गुलाबाचा भाव घाऊक बाजारातच चढतो, त्यामुळे ज्यांना सूनबाईला किंवा लेकीला प्रेमाने फुले पाठवायची आहेत त्यांनी त्या आठवड्यात गुलाबाचा आग्रह न धरता ट्यूलिप किंवा मिश्र रचना मागवावी. ती स्वस्त पडते आणि दिसायलाही वेगळी असते.

साधारण किती खर्च येतो?

फुलदाणीत लावलेली नीटस, मध्यम आकाराची रचना साधारण 60 ते 90 डॉलरला मिळते. गावातल्या गावात पोहोचवण्याचे शुल्क त्यावर वेगळे असते आणि इंडियानाचा 7 टक्के विक्रीकर शेवटी लागतो. फोनवर ‘कर आणि डिलिव्हरीसह एकूण किती?’ असे सुरुवातीलाच विचारावे म्हणजे नंतर चुकल्यासारखे वाटत नाही. पाच-पन्नास रुपयांत गुलाबाची जुडी घेण्याची सवय असलेल्या माणसाला हा आकडा मोठा वाटतो, पण त्यात फुलाचा आयात खर्च, रचणाऱ्याचे कसब, फुलदाणी आणि थंड गाडीचा प्रवास असे सगळे आलेले असते.

भारतातले कार्ड नाकारले जाते. काय करावे?

याची दोन कारणे असतात. पहिले, रिझर्व्ह बँकेच्या 2020 मध्ये लागू झालेल्या नियमानुसार कार्डावरचे परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती सोय चालू करावी आणि मर्यादा पुरेशी ठेवावी. दुसरे, अमेरिकेतली यंत्रणा कार्डधारकाच्या पत्त्याचा पाच अंकी झिप कोड ताडून पाहते आणि आपला सहा अंकी पिन कोड तिला कळत नाही. फोनवर ऑर्डर देताना ‘कार्ड भारतातले आहे’ हे आधी सांगितले तर दुकानातली व्यक्ती ती पडताळणी वगळून व्यवहार करू शकते किंवा पैसे भरण्याचा दुवा ईमेलने पाठवू शकते. मला दुव्याचा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो. परकीय चलन बदलण्याचे बँकेचे शुल्क बिलावर आणखी काही टक्के चढवते, तेही हिशेबात धरावे.

ही फुले कुठून येतात? ‘ताजी’ म्हणजे नेमकी किती ताजी?

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कापलेल्या फुलांपैकी बहुतांश फुले बाहेरून येतात. सर्वांत जास्त कोलंबियातून आणि त्याखालोखाल इक्वाडोरमधून. बोगोटाच्या आसपासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटर उंचीवर आणि विषुववृत्ताच्या जवळ आहे. तिथे वर्षभर दिवस साधारण बारा तासांचा आणि हवा थंड असते, त्यामुळे गुलाबाची दांडी लांब आणि कळी मोठी होते. आपल्याकडे मावळात तळेगावच्या परिसरात पॉलिहाऊसमध्ये गुलाब घेतात. तेच काम तिथे फार मोठ्या प्रमाणावर चालते. फुले विमानाने मायामीला उतरतात, तिथे किडींसाठी तपासणी होते, मग शीतगाड्यांतून ती इंडियानापोलिस किंवा सिनसिनाटीच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे आणि तिथून आमच्या दुकानात येतात.

दुकानात खोका उघडल्यावर पंचवीस-पंचवीस गुलाबांची एकेक जुडी पुठ्ठ्यात घट्ट गुंडाळलेली दिसते. पाण्याविना प्रवास झालेला असल्याने पाने किंचित मलूल असतात. दांडीचा शेवटचा भाग तिरका कापून, खालची पाने काढून, फूलखाद्य घातलेल्या पाण्यात त्या उभ्या ठेवायच्या आणि कित्येक तास शीतकपाटात पाणी पिऊ द्यायचे. एवढे झाल्याशिवाय त्या फुलांची रचना करू नये, कारण तहानलेला गुलाब फुलदाणीत दुसऱ्याच दिवशी मान टाकतो. गुलाबाच्या कळीवर बाहेरच्या बाजूला दोन-तीन हिरवट, कडा करपल्यासारख्या दिसणाऱ्या पाकळ्या असतात. त्या शिळेपणाची खूण नव्हेत. प्रवासात आतल्या पाकळ्यांना मार लागू नये म्हणून त्या मुद्दाम ठेवतात. एखादी राहिली असेल तर हलक्या हाताने खाली ओढून काढावी.

म्हणजे झाडावरून कापल्यापासून घरी पोहोचेपर्यंत आयात फुलाला सहज आठवडा होतो, आणि तरीही ते आणखी आठवडाभर टिकते, कारण सारा प्रवास थंडाव्यात झालेला असतो. ज्याला काल कापलेले फूल हवे आहे त्याने उन्हाळ्यात स्थानिक फुलांची मागणी करावी.

स्थानिक फुले कोणत्या ऋतूत मिळतात?

एप्रिलमध्ये डॅफोडिल आणि ट्यूलिप. मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पिओनी. हे 1957 पासून इंडियानाचे राज्यफूल आहे, आणि माझ्या मते या गावात येणाऱ्या कोणालाही पाठवावे असे ते फूल आहे. मूठभर घट्ट कळी दोन दिवसांत हाताच्या ओंजळीत मावणार नाही एवढी उमलते आणि खोलीभर सुगंध पसरतो. तिचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, म्हणून मेमध्ये वाढदिवस असेल तर ही संधी सोडू नये. जुलैपासून झिनिया, सूर्यफूल, लिसिअँथस आणि मग डेलिया. पहिले दहिवर, म्हणजे गोठलेले दव, ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास पडते आणि शेतातली फुले त्या एका रात्रीत संपतात. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी भरणाऱ्या शेतकरी बाजारात ही फुले शेतकऱ्यांकडून थेट मिळतात. आपले नातेवाईक स्वतः जाऊन आणणार असतील तर त्याहून चांगले काही नाही.

गणपती, दसरा आणि दिवाळीसाठी फुले मिळतील का?

मिळतील, पण मागणी वेगळ्या पद्धतीने करावी लागेल. अमेरिकेतले दुकान फूल दांडीसह विकते आणि रचना करून देते. आपल्याला पूजेसाठी सुटी फुले लागतात, हार लागतो, पाकळ्या लागतात. ‘पूजेसाठी फुले’ असे सांगून उपयोग नाही. ‘रचना नको, फुलदाणी नको, फक्त या रंगाच्या इतक्या जुड्या हव्यात’ असे सांगावे.

शेवंती ही सर्वांत खात्रीची. तिच्या बारीक फुलांच्या जुड्या पिवळ्या, पांढऱ्या, जांभळट रंगांत बाराही महिने मिळतात, स्वस्त असतात आणि हारात ओवल्यावर दोन दिवस टिकतात. कार्नेशनचे फूल भरगच्च असते आणि त्याच्या खालच्या हिरव्या देठातून सुई घालून ओवता येते, त्यामुळे गणपतीच्या मूर्तीला घालायच्या मोठ्या हारासाठी ते उत्तम. निशिगंध आधी कळवून ठेवल्यास काही वेळा मिळतो.

झेंडूबाबत मात्र विचार करून ठेवावा. इकडे झेंडू हे मुख्यतः बागेत लावण्याचे रोप आहे, कापून विकण्याचे फूल म्हणून त्याला गिऱ्हाईक कमी. जुलैपासून पहिल्या दहिवरापर्यंत शेतकऱ्यांकडे तो मिळू शकतो. दसरा सप्टेंबरच्या अखेरीस आला तर तोरणाला झेंडू असतो. तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेला तर बहुधा नसतो, आणि दिवाळीला तर नसतोच. म्हणून येथे राहणाऱ्या मंडळींना माझे सांगणे असते की मे महिन्यात आफ्रिकन झेंडूची रोपे अंगणात किंवा बाल्कनीतल्या कुंडीत लावावीत. दहिवराचा इशारा आला की आदल्या संध्याकाळी सगळी फुले तोडून, कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावीत.

जास्वंद कापलेले फूल म्हणून विकले जात नाही, कारण ते एका दिवसात मिटते. उन्हाळ्यात रोपवाटिकेत त्याच्या कुंड्या मिळतात. थंडी पडण्याआधी कुंडी घरात घ्यावी लागते. मोगऱ्याचा गजरा या गावात मिळणे कठीण. लग्न किंवा डोहाळजेवणासाठी केसांत माळायला पांढरे, सुवासिक फूल हवेच असेल तर दुकानाला स्टेफॅनोटिस मागवायला सांगावे. मेणासारख्या पाकळ्यांची ती छोटी फुले लग्नाच्या गुच्छांसाठी घाऊक बाजारात येतात आणि त्यांचा गजरा चांगला होतो.

एक महत्त्वाची सूचना. आयात फुलांवर कीटकनाशके आणि टिकवण्यासाठीची द्रव्ये वापरलेली असतात. देवाला वाहायला ती चालतील, पण त्यांच्या पाकळ्या तीर्थात, प्रसादात किंवा गुलकंदात कदापि घालू नयेत.

बाळ झाले आहे. रुग्णालयात फुले पाठवावीत का?

घरी पाठवावीत. सरळ बाळंतपण झाल्यास आई साधारण दोन दिवसांत आणि सिझेरियन झाल्यास चारेक दिवसांत घरी येते; बातमी भारतात कळून, ऑर्डर देऊन फुले पोहोचेपर्यंत ती रुग्णालयातून निघालेली असते. रुग्णालयातच पाठवायची असतील तर रुग्णाचे नाव पासपोर्टवर आहे तसेच सांगावे. आपण पत्ता देताना घरातले लाडके नाव किंवा लग्नानंतर बदललेले नाव सांगतो आणि रुग्णालयाच्या नोंदीत माहेरचे आडनाव असते. गोपनीयतेच्या नियमांमुळे नोंदीत नसलेल्या नावाची चौकशी तिथे कोणी करून देत नाही. अतिदक्षता विभागात फुलांना परवानगी नसते आणि रबरी फुग्यांना अनेक रुग्णालये मनाई करतात.

बाळंतिणीसाठी उग्र वासाची फुले नकोत. फिकट रंगाची, कमी सुगंधाची, फारशी जागा न अडवणारी रचना मागावी.

कचेरीत पाठवता येतील का?

येतील. पण फुले स्वागतकक्षापर्यंतच जातात, टेबलापर्यंत नाही. व्यक्तीचे पूर्ण नाव, विभाग, इमारत आणि मोबाइल क्रमांक द्यावा. गावात आणि आसपास कमिन्सच्या अनेक इमारती आणि कारखाने आहेत, त्यामुळे नुसते ‘कमिन्स, कोलंबस’ हा पत्ता पुरत नाही. ती व्यक्ती घरून काम करते का हेही आडून विचारून घ्यावे.

हिवाळ्यात फुले दाराबाहेर ठेवून गेले तर?

ठेवून जाऊ देऊ नये. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तापमान शून्याच्या खाली जाणे नेहमीचे आहे आणि अशा थंडीत उघड्यावर राहिलेल्या फुलांच्या पाकळ्या थोड्याच वेळात काचेसारख्या होऊन काळ्या पडतात. चांगले दुकान हिवाळ्यात प्रत्येक रचना कागदात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवते आणि घरात माणूस असल्याची फोनवर खात्री करून घेते. ऑर्डर देताना ‘घरी कोणी नसेल तर शेजारी द्या’ किंवा ‘परत घेऊन जा, दुसऱ्या दिवशी आणा’ यांपैकी काय करायचे ते सांगून ठेवावे.

दुःखाच्या प्रसंगी काय पाठवावे आणि कुठे?

येथे अंत्यसंस्काराची सगळी व्यवस्था फ्युनरल होम पाहते. दर्शनाची वेळ ठरलेली असते आणि फुले त्या वेळेच्या किमान दोन तास आधी पोहोचली पाहिजेत. म्हणून दिवंगत व्यक्तीचे पूर्ण नाव, फ्युनरल होमचे नाव आणि वेळ हे सगळे दुकानाला एकदम सांगावे. वेळ बदलली असेल तर दुकान स्वतः तिथे फोन करून खात्री करते. शवपेटीवर ठेवायची मोठी रचना घरच्या अगदी जवळच्या माणसांनीच द्यायची अशी इथली रीत आहे. इतरांनी उभी किंवा टोपलीतली रचना पाठवावी.

मराठी कुटुंबाला अंत्यविधीसाठी हार आणि सुट्या पाकळ्याच लागतात. त्यासाठी शक्य तितक्या लवकर फोन करून पांढऱ्या शेवंतीचा किंवा कार्नेशनचा हार आणि गुलाबाच्या पाकळ्या असे स्पष्ट सांगावे. हार ओवण्याची पद्धत दुकानाला माहीत नसेल तर जुड्या घरी पोहोचवायला सांगाव्यात. आदल्या रात्री ओळखीची मंडळी बसून हार करतात, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि दुःखात असलेल्या घराला त्या सोबतीचा आधार होतो.

निधनाच्या सूचनेत ‘फुलांऐवजी अमुक कार्यासाठी देणगी द्यावी’ असे लिहिलेले असेल तर त्या कुटुंबाच्या इच्छेचा मान राखावा आणि फुले पाठवू नयेत.

कार्डावर मराठीत मजकूर लिहून मिळेल का?

दुकानांच्या छपाई यंत्रणेत देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. त्यावर दोन उपाय आहेत. मजकूर रोमन लिपीत लिहून एकेक अक्षर फोनवर सांगावा, किंवा स्वच्छ अक्षरात मराठीत लिहून त्याचे छायाचित्र ईमेलने पाठवावे आणि ते छापून कार्डाला जोडण्याची विनंती करावी. दुसरा उपाय बहुतेक दुकाने आनंदाने मान्य करतात. आजीच्या हातचे ‘चि. सौ. सायलीस अनेक आशीर्वाद’ हे अक्षर परक्या देशात फुलांबरोबर हातात पडते, तेव्हा फुले आठ दिवसांनी जातात आणि कार्ड कपाटात जपून ठेवले जाते. मजकूर लहान ठेवावा आणि पाठवणाऱ्याचे नाव विसरू नये. निनावी फुले आली की ती कुणी पाठवली हे विचारत घरचे लोक दुकानालाच फोन करतात.

घरात मांजर आहे. काही टाळावे का?

लिली पूर्णपणे टाळावी. खऱ्या लिलीच्या आणि डे लिलीच्या पाकळ्या, पाने, पराग, इतकेच काय फुलदाणीतले पाणीही मांजराच्या मूत्रपिंडांना घातक ठरते आणि ते जिवावर बेतू शकते. ऑर्डर देताना ‘घरात मांजर आहे’ एवढे सांगितले तरी दुकान लिली वगळते.

फुले चित्राप्रमाणे आली नाहीत किंवा खराब आली तर?

रंग आणि फुलांच्या जाती थोड्या वेगळ्या असणे स्वाभाविक आहे. लहान गावात प्रत्येक फूल रोज येत नाही, आणि तेवढ्याच किमतीचे दुसरे फूल वापरण्याचा हक्क दुकान राखून ठेवते. आकार उघडच लहान असेल किंवा फुले कोमेजलेली असतील, तर त्याच दिवशी छायाचित्र काढून दुकानाला पाठवावे. थेट ऑर्डर दिली असेल तर दुकान बहुधा दुसरी रचना पाठवते. मध्यस्थामार्फत दिली असेल तर तक्रारही त्याच्याकडेच करावी लागते आणि फुले रचणाऱ्या दुकानाला त्यात फारसे काही करता येत नाही.

फुले जास्त दिवस टिकावीत यासाठी घेणाऱ्याला काय सांगावे?

फुले आल्याबरोबर पाणी पाहावे, कारण प्रवासात ते सांडलेले असते. दर दोन दिवसांनी पाणी पूर्ण बदलावे, दांड्या धारदार सुरीने बोटभर तिरक्या कापाव्यात आणि सोबत आलेली फूलखाद्याची पुडी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घालावी. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, ती कुजली की पाणी खराब होते. रचना हिरव्या स्पंजात खोचलेली असेल तर तो रोज पाणी घालून ओला ठेवावा. एकदा कोरडा पडला की तो पुन्हा नीट पाणी शोषत नाही. फुलदाणी खिडकीतल्या उन्हात, टीव्हीजवळ किंवा जमिनीतून गरम हवा येणाऱ्या जाळीजवळ ठेवू नये. अमेरिकेतल्या घरांत हिवाळ्यात फुले सुकतात ती मुख्यतः या गरम हवेमुळे. केळी आणि सफरचंदे ठेवलेल्या टोपलीपासूनही ती दूर असावीत, कारण पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कार्नेशनची फुले लवकर मिटतात. हायड्रेंजिया मलूल झाली तर तिचे फूलच अर्धा तास गार पाण्यात बुडवून ठेवावे, ती पाकळ्यांतूनही पाणी घेते. ट्यूलिपच्या दांड्या फुलदाणीतही वाढत आणि वाकत राहतात. तो बिघाड नाही, दर दोन दिवसांनी त्या थोड्या कापत जाव्यात.